सत्तर मिनिटांतले तीस सेकंद

ज्ञानेश्वरराव राजवाडे यांना कुठल्याही गोष्टीचं सुरुवातीलाच कौतुक केलेलं खपत नसे. आधी नावं ठेवायची, यथेच्छ ठेवायची, आणि समोरचा पार हिरमुसला की अगदी उठता उठता "पण एकंदरीत उत्तम हो" म्हणून मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत. मंडळाच्या गणपतीत मठ्ठा पातळ झालाय, कोथिंबीर शिळी आहे असं सांगत सांगत ते तीन वाट्या मठ्ठा रिचवत, आणि निघताना स्वयंपाक करणाऱ्या बाईंना शोधून काढून हात जोडत. लंडनच्या पिनर भागातल्या मराठी घरांना हे पाठ होतं. राजवाड्यांनी नावं ठेवली नाहीत तर बायका घाबरत, म्हणजे बेत खरंच फसला असणार.

पुण्याहून एकोणऐंशी साली आलेला हा माणूस. रेल्वेच्या सिग्नलच्या खात्यात तीस वर्षं नोकरी केली, एकुलती एक मुलगी वाढवली, आणि निवृत्त झाल्यावर कौन्सिलला कचऱ्याच्या डब्यांबद्दल चार-चार पानी पत्रं लिहायला घेतली. कौन्सिलला त्यांचं अक्षर ओळखू येत होतं.

तर अशा माणसासमोर गेल्या मार्चमध्ये कुणीतरी कॅमेरा लावला.

मंडळाच्या ज्येष्ठांची महिन्याची बैठक होती. हॅना नावाची एक तरुण इंग्रज बाई आली, फार गोड बोलणारी. सरकारी आरोग्यसेवेबद्दल पेशंटांचे अनुभव गोळा करतोय म्हणाली. कोण बोलेल असं विचारल्यावर सगळ्यांनी एकमुखाने ज्ञानेश्वररावांकडे बोट दाखवलं. ते तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनच्या यादीत अकरा महिने अडकले होते आणि काठी टेकत चालत होते, त्यामुळे विषयही तयार होता आणि वक्ताही.

सत्तर मिनिटं बोलले. पहिला तासभर त्यांनी आरोग्यसेवेची सालटी काढली. अपॉइंटमेंटचं पत्र अपॉइंटमेंट होऊन गेल्यावर कसं येतं, फोन लावला की तुम्ही रांगेत सव्विसावे आहात असं कसं ऐकवतात, जिना चढताना कसा जीव जातो. "कुत्र्यालासुद्धा कुणी इतकं ताटकळत ठेवत नाही," असं ते इंग्रजीत ठणकावून बोलले आणि मागे बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग नेहमीप्रमाणे, शेवटच्या दहा मिनिटांत, सूर बदलला. नीनाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा सात मिनिटांत आलेली ॲम्ब्युलन्स, नऊ तासांचं ऑपरेशन, अतिदक्षता विभागातले अकरा दिवस. मुलगी अक्षया पंधरा वर्षांची असताना तिच्या आतड्याचा चिवट आजार ओळखणारी आणि तिला पुन्हा शाळेत धाडणारी ती वेल्श डॉक्टरीण. "या सगळ्यात आम्हाला एकच बिल आलं, पार्किंगचं," असं त्यांनी डोळे पुसतच सांगितलं. हॅनाच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नसावं, असं ज्ञानेश्वररावांना अजूनही वाटतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप येतो.

शेवटी एक फॉर्म आला. ज्ञानेश्वररावांनी चष्मा लावून तो नीट पाहिला, आपल्या नावाचं चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त केलं, आणि सही ठोकली. साठ पौंडांचं व्हाउचर मिळालं, त्याची त्यांनी किटली आणली आणि तिच्या झाकणाला नावं ठेवली. जूनमध्ये ऑपरेशन झालं. खुबा झकास बसला. काठी जिन्याखाली गेली आणि हॅना विसरली गेली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परीक्षितचा मेसेज आला. परीक्षित नागपूरचा, स्लाऊला एका सॉफ्टवेअर कंपनीत व्हिसावर आलेला, मंडळाचं माइकपासून वेबसाइटपर्यंत सगळं बघणारा. त्याने लिहिलं होतं, "काका, तुम्ही तर अमेरिकेत टीव्हीवर! माझ्या कॉलेजच्या मित्राने पाठवलं." खाली तीस सेकंदांचा व्हिडिओ. तो उघडायच्या आधीच बाराजणांनी अंगठे आणि पुष्पगुच्छ पाठवले होते, आणि खरं सांगायचं तर ज्ञानेश्वररावांनाही गुदगुल्या झाल्या. त्यांनी नीनाला हाक मारली, फोन फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला आणि बटण दाबलं.

उदास पियानो. ज्ञानेश्वरराव काठी टेकत हॉलच्या पायऱ्या चढतायत. त्या पायऱ्या हॅनाने "सहज एकदा" म्हणून चारदा चढायला लावल्या होत्या. मग त्यांचा चेहरा, अगदी जवळून. "कुत्र्यालासुद्धा कुणी इतकं ताटकळत ठेवत नाही." मग एक बाई दाटल्या आवाजात सांगते की हे लंडनचे ग्यान, यांच्या देशात आरोग्य सरकारच्या हातात आहे, आणि आता तेच तुमच्या राज्यात आणायचा घाट घातला आहे. पडद्यावर ज्ञानेश्वरराव डोळे पुसतात. खाली ठळक अक्षरं: नोव्हेंबरमध्ये 'नो'ला मत द्या.

डोळे पुसतानाचं ते दृश्य नीनाच्या अकरा दिवसांबद्दल बोलतानाचं होतं. आवाज तेवढा काढून टाकला होता.

ज्ञानेश्वररावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, मग पुन्हा, जणू तिसऱ्या खेपेला तरी उरलेली एकोणसत्तर मिनिटं त्यातून बाहेर पडतील. नीना मागे उभी होती.

"अहो, मी कुठाय यात?" तिने विचारलं. "माझं सांगितलं होतं ना तुम्ही?"

"सांगितलं होतं गं. रडत सांगितलं होतं."

"मग ते रडणं दाखवलंय की," नीना म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

आता राज्य कुठलं ते त्यांनी पुन्हा वाचलं आणि पायाखालची जमीनच सरकली. अमेरिकेत पन्नास राज्यं, पण हे नेमकं अक्षयाचं. लग्न होऊन ती नऊ वर्षांपूर्वी तिकडे गेली होती. नवरा बेन सायकलच्या दुकानात, ती स्वतः घरून पुस्तकांची मांडणी करून देणारी. राज्यात जनमत घ्यायचं ठरलं होतं: राज्याने स्वतःची आरोग्यविमा योजना काढावी, ज्याला हवं त्याने त्यात नाव घालावं, हप्ता ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे. अक्षया शनिवार-रविवार त्याच्या बाजूने दारोदार फिरतेय हे ज्ञानेश्वररावांना माहीत होतं. पोरीला समाजकार्याची हौस आहे, आईवर गेली, असं ते चारचौघांत सांगत.

त्यांनी लगेच तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"अक्षया, एक भयंकर प्रकार झालाय."

"आय नो, बाबा. मी बघितला तो जाहिरात. थ्री वीक्स झाला."

"तीन आठवडे! आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला खूप वाईट वाटला असता. आणि व्हॉट वुड यू डू, बाबा? दे पेड फॉर इट. रोज चालते ती, न्यूजच्या आधी, न्यूजच्या नंतर. मी दार नॉक करते आणि लोक मला तुमचा सांगतात. दॅट पुअर मॅन इन लंडन, म्हणतात."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी लीफलेट देते आणि पुढच्या घरी जाते."

ज्ञानेश्वररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी समजुतीचं बोलायला हवं म्हणून ते बोलून गेले, "तुझं ठीक आहे म्हणा, तुझा विमा आहे. पण ज्या बिचाऱ्यांचा नाही..."

 

"बाबा, माझा इन्शुरन्स नाहीये," अक्षया म्हणाली. "गव्हर्नमेंटचा हेल्प बंद झाला ना गेल्या वर्षी, मग प्रीमियम डबलपेक्षा जास्त झाला. फेब्रुवारीपर्यंत भरला. मग नाही जमला."

"आणि तुझं औषध? ते दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून देतात ते?"

"लास्ट वन फेब्रुवारीत घेतली. आता गोळ्या घेते, स्टेरॉइड्स. स्वस्त आहेत."

नीनाने फोन हातातून ओढून घेतला. "व्हिडिओ लाव," ती म्हणाली. अक्षया नको नको म्हणत होती. "अक्षया, मी तुझी आई बोलतेय, व्हिडिओ लाव." गेले कित्येक महिने पोर कॅमेरा बिघडलाय म्हणून नुसतं बोलत होती, आणि यांनी तो बहाणा खरा मानला होता. सिग्नल तपासण्यात हयात घालवलेला बाप, आणि घरचा लाल दिवा दिसला नाही. कॅमेरा लागला. गोळ्यांनी चेहरा तेवढा सुजला होता, बाकी गळ्याची हाडं वर आली होती. 

"उद्याच्या उद्या इकडे निघून ये," ज्ञानेश्वरराव ओरडले. "आपल्या घरी ये."

"बेनची आई आमच्याबरोबर राहते, बाबा. शी फर्गेट्स एव्हरीथिंग. बेन तिला सोडून येऊ शकत नाही, आणि मी बेनला सोडून नाही येणार. म्हणून तर मी हा व्होट... जानेवारीपासून मला कव्हर मिळेल, इफ इट पासेस." तिने घड्याळाकडे पाहिलं. "मला जायचा आहे. आज चाळीस घरं आहेत."

त्यानंतरचे तीन आठवडे ज्ञानेश्वरराव धड जेवले नाहीत. त्यांनी हॅनाच्या कंपनीला पत्र लिहिलं, कौन्सिलला कधी लिहिलं नसेल असं. तीन दिवसांत नम्र उत्तर आलं. आपल्या भावना आम्ही समजतो. फॉर्ममधल्या नवव्या कलमानुसार चित्रीकरण संपादित करण्याचा आणि पुढे कुणालाही देण्याचा संपूर्ण अधिकार आपण दिलेला आहे. सोबत प्रत जोडली आहे. त्या प्रतीवर त्यांची ठसठशीत सही होती आणि वर, स्वतःच्या नावात, शाईने घातलेलं एक अक्षर. मुलाखत कुठे दाखवणार हे न विचारता त्यांनी स्पेलिंग तेवढं सुधारलं होतं. काय म्हणावं या हुशारीला!

मग परीक्षित म्हणाला, "काका, आपणच एक काउंटर व्हिडिओ करू. दोन मिनिटांचा. सरळ सांगा की ॲड मिसलीडिंग आहे आणि एनएचएसने, या सरकारी आरोग्यसेवेने, तुमच्यासाठी काय काय केलंय. अक्षयाताईच्या कॅम्पेनवाले पोस्ट करतील." अक्षयाने हो म्हटलं.

दिवाणखान्यात पडदे सारून, नीनाने इस्त्री केलेला निळा शर्ट घालून ज्ञानेश्वरराव बसले. परीक्षितने खूण केली.

"माझं ऑपरेशन उत्तम झालं," त्यांनी सुरुवात केली. "चौदा महिने लागले, हे खरंच. तेही त्यांनी आधीची तारीख दोनदा रद्द केली म्हणून, आणि त्या दिवशीचा चहा..."

"काका, कट. चहा नको."

पुन्हा. दुसऱ्या खेपेला पार्किंग आलं, तिसऱ्या खेपेला फोनवरचं संगीत. पाचव्या खेपेला परीक्षितने कपाळाला हात लावला. हसू येण्यासारखंच होतं ते, पण नीना हसली नाही. ती कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "अहो, आयुष्यात एकदा," ती म्हणाली, "एकदाच चांगलं आधी बोला. मी मेले असते ना? मग तेवढंच बोला."

तेव्हा कुठे ज्ञानेश्वरराव तेवढंच बोलले. नीनाचं बोलले, खुब्याचं बोलले, आणि शेवटी म्हणाले की माझी मुलगी तुमच्या राज्यात राहते, तिला औषध हवं आहे, तुम्ही माझ्यामुळे 'नो' म्हणू नका. एक मिनिट पन्नास सेकंद. परीक्षित डोळे पुसत होता.

व्हिडिओ इंटरनेटवर चढला. मतदानाच्या दिवसापर्यंत तो अकराशे चाळीस लोकांनी पाहिला, त्यातले निम्मे तरी पिनर-हॅरोचेच असावेत. तिकडे टीव्हीवर दाखवायचा तर पैसे लागतात, आणि ते समोरच्या बाजूकडे होते. मूळ जाहिरात शेवटच्या आठवड्यात तासाला दोनदा लागत होती.

बुधवारी सकाळी उठल्याबरोबर ज्ञानेश्वररावांनी निकाल पाहिला. प्रस्ताव पडला होता. सबंध राज्यात नऊ हजार मतांनी. चहा दोघांचाही गार झाला.

दुपारी दोनला अक्षयाचा व्हिडिओ कॉल आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, डोळे सुजलेले. पराभवाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. आई कशी आहेस, तिकडे थंडी पडली का, असंच चाललं होतं. तेवढ्यात तिकडचं मागचं दार वाजलं आणि हातात झाकणाचं पातेलं घेऊन एक म्हातारी बाई आत आली. या शेजारच्या रूथबाई. अक्षया आजारी असते म्हणून दर बुधवारी सूप आणून देतात, हे नीनाला माहीत होतं. नमस्कार करावा म्हणून ती पुढे झुकली.

पण रूथबाई पडद्याकडे बघून थिजल्या.

"तुम्ही!" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्हीच ना ते? लंडनचे? अरे देवा. अहो, झालं का हो तुमचं ऑपरेशन?"

 "झालं," ते म्हणाले. "जूनमध्येच झालं."

"देवाची कृपा! मी रोज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करत होते. नाव माहीत नव्हतं नीट, नुसतं लंडनचे गृहस्थ म्हणत होते." त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. "तुम्हाला सांगते, मी 'येस' करणार होते. या पोरीसाठी. बघा ना कशी झालीय. पण मग तुम्हाला पायऱ्या चढताना पाहिलं. म्हटलं, हिला असं ताटकळत ठेवतील? हिला? माझ्या हातून नाही होणार ते. आमच्या चर्चमधल्या सहाजणींना मी गाडीत घालून नेलं मतदानाला. सगळ्यांनी तुम्हाला पाहिलं होतं. सातही मतं 'नो'."

अक्षयाने डोळे मिटून घेतले.

ज्ञानेश्वररावांना राग आला असता तर बरं झालं असतं. या बाईने ज्याच्यावर विश्वास ठेवला तो त्यांचाच चेहरा होता, आणि मत तिने त्यांच्याच मुलीच्या मायेपोटी दिलं होतं.  नीनाने टेबलाखाली त्यांचा गुडघा घट्ट धरला.

"रूथ," अक्षया हळूच म्हणाली, "हे माझे वडील."

रूथबाई एकदा तिच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिल्या. पातेलं अजून हातातच होतं. काहीतरी विचारायला हवं म्हणून असेल, किंवा तिकडे सगळेच विचारतात म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला किती पडले? ऑपरेशनचे?"

"काही नाही."

"नाही, म्हणजे विमा वगळून. तुमच्या खिशातून?"

"विमा नाही. खिशातून काही नाही. काहीच नाही पडलं." ज्ञानेश्वररावांनी कॅमेरा नीनाकडे वळवला. "माझ्या बायकोच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. ही बघा, ही बसलीय. तिचेही काही नाही पडले."

रूथबाईंनी पातेलं टेबलावर ठेवलं, नव्हे, ते ठेवताना आपटलं आणि झाकण घरंगळत खाली गेलं. ते कुणीच उचललं नाही.

"पण तू तर औषध घेतेस ना?" त्यांनी अक्षयाला विचारलं. "हॉस्पिटलात जातेस ना, ते सलाइनचं? मला वाटलं ते घेऊनसुद्धा तू अशी..."

"फेब्रुवारीपासून नाही गेले, रूथ. विमा नाही माझा. मला सांगायची लाज वाटली."

"मग ते परत मत घेतील," रूथबाई घाईघाईने म्हणाल्या. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्ही परत जाऊ, मी सगळ्यांना नेईन. कधी घेतील परत?"

"दोन वर्षांनी. जनमत घ्यायला लागतात तितक्या सह्या पुन्हा जमल्या तर."

"दोन वर्षं," रूथबाई म्हणाल्या. "तुला दोन वर्षं थांबायचंय?"

 ज्ञानेश्वररावांनी तोंड उघडलं. कुणाला तरी शिव्या घालाव्यात, हॅनाला, त्या कंपनीला, त्या पियानोला, पण आयुष्यभर हवे तेव्हा धावून येणाऱ्या शब्दांतला आज एकही येईना. पडद्यावर रूथबाईंनी अक्षयाचं मनगट हातात धरलं होतं. त्यांचा अंगठा आणि मधलं बोट त्याभोवती सहज जुळलं, आणि मध्ये बरीच जागा उरली.